जिवाणी

आमच्या घरात पाण्याच्या दोन जाती होत्या. परड्यातल्या विहिरीचं जड पाणी आणि हिराकाकूच्या मळ्यातलं गोडं पाणी. जड पाण्यानं भांड्यांवर पांढरा थर धरायचा, साबण कितीही घासला तरी फेस यायचा नाही, आणि तुरीची डाळ चुलीवर दोन दोन तास रटरटली तरी दाणा दाताखाली कचकचायचाच. पहाटे मला जाग यायची ती रहाटाच्या कुरकुरीनं. आव्वा, म्हणजे माझी आई, पाणी ओढत असायची आणि माझी थोरली बहीण आक्का हंड्याच्या तोंडावर दुहेरी जाड कापडाचं गाळणं धरून उभी असायची. आम्ही जैन. गाळल्याशिवाय पाणी घरात येत नसे. पण गाळणं हे अर्धंच काम. कापडावर जे राहतं, डोळ्यांना दिसत नाही पण असतं, त्याला जिवाणी म्हणतात. कापड उलटं करून त्यावरून गाळलेलं पाणी सोडायचं, ती जिवाणी बादलीत घ्यायची, आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत बादली पाण्याला टेकेपर्यंत सोडून हळूच उपडी करायची. वरून ओतायची नाही, जीव आपटतात. दुसऱ्या विहिरीत तर मुळीच नाही. आव्वा म्हणायची, "एका गावची माणसं उचलून दुसऱ्या गावात टाकली तर जगतील व्हय?"

गेल्या महिन्यात माझी नात ऋजुता न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर आली आणि मटकन खुर्चीत बसली. तिनं केसांना जांभळट लाल रंग लावून घेतला आहे. गल्लीतल्या आमच्या जुन्या घराच्या जागी आता इमारत आहे, तिला बोअरचं पाणी. त्या पाण्यानं तिचा रंग उतरला आणि केस झाडूसारखे झाले. मग तिनं कुठूनशी शाम्पूची एक बाटली मागवली होती, तिच्यावरचं तिनं मला वाचून दाखवलं. रंगवलेल्या केसांसाठी, जड पाण्यासाठी, आणि व्हीगन. मी विचारलं, व्हीगन म्हणजे काय? ती म्हणाली, "आजोबा, ह्यात अंडं नाही, दूध नाही, मध नाही, रेशीम नाही, जनावराचं काहीच नाही. फक्त झाडपाला." मी हसलो. हसता हसता मला आक्का दिसली, परड्यात पाटावर बसलेली, मान खाली घातलेली, आणि मग मला हसता येईना. पन्नास वर्षांहून जास्त काळ मी एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. ती आता सांगतो.

आक्काचं लग्न हुपरीच्या एका घरात ठरलं होतं. चांदीकाम करणारी माणसं. साखरपुड्यात त्यांनी तिला घरी घडवलेले पैंजण घातले होते, आणि तेव्हापासून आमच्या घरात एक नवा आवाज आला होता. आक्का स्वयंपाकघरात आहे की परड्यात, हे न बघता कळायचं. मग पावसाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस ती अंथरुणाला खिळली होती. उठली तेव्हा मूठ मूठ केस उशीवर राहत होते आणि जे डोक्यावर होते त्यातले अर्धे पांढरे झाले होते. तेवीस वर्षांची मुलगी. आव्वानं आरसा भिंतीवरून काढून फडताळात ठेवला. आक्कानं तो परत लावला.

लग्न वैशाखात होतं. त्याआधी फाल्गुनात हुपरीची माणसं आजारातून उठलेल्या पोरीला बघून जाणार होती. घरात ठरलं की केसांना कलप लावायचा. तो आणायला मला कोल्हापूरला धाडलं. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा, मला लाज वाटत होती. आक्कानं निघताना बजावलं होतं की दुकानदाराला विचार, त्यात चरबी नाही ना. मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "पावणं, खायाचं न्हाय, लावायचं हाय." दुकानातली सगळी हसली. तरी त्यानं डबीवरचं वाचून बघितलं आणि तसलं काही नाही म्हणाला.

तापातून उठल्यावर आक्कानं देवळात नेम घेतला होता, लग्न होईपर्यंत दूध, दही, तूप सोडलं होतं. अंडं आणि मध तर आमच्यात कधीच नव्हतं. कलप लावल्यावर केस राठ झाले तेव्हा गल्लीतल्या बायका सल्ले घेऊन आल्या. एक म्हणाली दही चोपड. एक म्हणाली कांद्याचा रस लाव. जरा लांबची एक ओळखीची बाई दबक्या आवाजात म्हणाली, "एक अंडं फोडून चोळ, रेशमावाणी हुतील, कुणाला कळतंय?" आक्का म्हणाली, "जे तोंडात घालत न्हाय, ते डोस्क्यात कसं घालू?" ऋजुताच्या बाटलीवर एवढ्या बारीक अक्षरात जे छापलं आहे ते आक्का एका वाक्यात बोलली होती.

मग तिनं स्वतःच एक पद्धत बसवली. शनिवारी संध्याकाळी रिठे फोडून बिया काढून भिजत घालायची. शिकेकाई निवडून, शेंग मोडून आत कीड नाही ना बघून, कुटायची. रविवारी सकाळी जवस पाण्यात उकळायची. त्याला बुळबुळीत तार सुटली की फडक्यातून पिळून घ्यायची. परड्यातल्या जास्वंदीची पानं पाट्यावर वाटायची. ओल्या नारळाचं दूध काढायची. घरात त्या दिवशी एक हिरवा, तुरट, गोडसर वास भरून राहायचा, आणि चुलीवरचं जवस फदफदत असायचं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, ओसरीवरून विचारायचे, "आज खायाला काय हाय, का समदं डोस्क्यालाच?"

पण परड्यातल्या पाण्यानं धुतलं की सगळं वाया जायचं. केस वाळले की त्यांच्यावर भांड्यांवर धरतो तसाच पांढरट थर दिसायचा. तेव्हा आव्वानंच हिराकाकूचं नाव काढलं. हिराकाकूचा मळा गावाबाहेर दोन मैलांवर. शेतकरी घर, मोठा आवाज, बोलणं सडेतोड. तिच्या विहिरीचं पाणी इतकं गोडं की आमच्या गल्लीतल्या बायका सणाला पुरणाच्या डाळीपुरती कळशी तिथून आणायच्या, आणि हिराकाकूला त्याचा मोठा अभिमान होता. ठरलं की दर रविवारी भल्या सकाळी मी सायकलला दोन कळश्या बांधून तिथून पाणी आणायचं. एक डाळीला, एक आक्काच्या केसांना. पाणी विहिरीवरच गाळायचं आणि जिवाणी तिथंच सोडायची.

पहिल्या रविवारी मी गाळणं उलटं करून बादली खाली सोडली तेव्हा हिराकाकू कमरेवर हात ठेवून बघत उभी होती.

"ह्ये काय रं, भुपाल?"

मी सांगितलं. जीव असतात, त्यांना त्यांच्या घरी सोडायचं असतं.

ती वाकून विहिरीत बघायला लागली. "म्हंजी गावाला गेलेलं पावणं माघारी आलं म्हण की." आणि तेव्हापासून दर रविवारी, मी बादली उपडी केली की ती जिथं असेल तिथून ओरडायची, "आलं का पावणं माघारी?" मी "आलं, काकू" म्हणायचो. मग ती हातावर भुईमुगाच्या शेंगा ठेवायची आणि आक्काची चौकशी करायची. "पोरीला म्हणावं, केस असं हुत्याल की हुपरीवाल्यांची नजर ठरायची न्हाय."

आणि खरंच, पाच-सहा रविवारांत आक्काचे केस सावरले. कलपाचा रंग टिकला, बोटं केसांतून सुटी फिरायला लागली. आव्वानं वेणी घातली आणि बराच वेळ ती हातात धरून बसली. पैंजण पुन्हा घरभर वाजायला लागले.

आता माझी गोष्ट. गावच्या एसटी थांब्यासमोर नुकताच हापसा बसला होता. हापशाला लागून चहाचं हॉटेल, आणि हॉटेलात रेडिओ. त्या दिवसांत क्रिकेटच्या सामन्याचं धावतं वर्णन लागायचं, आणि आम्ही पोरं तिथं खिळून बसायचो. एका रविवारी मी मळ्याकडे निघालो आणि तिथंच थांबलो. ऊन चढलं. दोन मैल जाऊन दोन मैल यायचं जिवावर आलं. मी उठलो, हापशावर दोन्ही कळश्या भरल्या आणि घरी आलो. गाळलं नाही. जिवाणी सोडायचा प्रश्नच नव्हता. हापशाला विहिरीसारखं तोंड नसतं. याच कारणानं आव्वानं ते पाणी घरात घ्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, "त्या पाण्याला माघारी जायाला वाट न्हाय." आणि ते आमच्या परड्यातल्या पाण्याहूनही जड होतं, जिभेवर खारट-तुरट लागायचं.

कुणी काही विचारलं नाही. मी ठरवलं की पुढच्या रविवारी नक्की मळ्यात जायचं. पुढच्या रविवारीही हापशावर गेलो. तिसऱ्याही. चौथ्याही. आव्वा एकदा चुलीपाशी पुटपुटली, "ह्या पाण्यातबी डाळ शिजंना झाली." मी ताटाकडे बघत राहिलो.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी आक्का फणी घेऊन बसली. फणी केसांत अडकली. तिनं ओढली तर काडी मोडल्यासारखा बारीक आवाज झाला आणि केस मधूनच तुटून फणीत आले. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो, मला तो आवाज ऐकू आला. तिनं पुन्हा फणी लावली. पुन्हा तोच आवाज. कलपाचा काळा रंग विटकरी झाला होता, मुळाशी पांढरं, मध्ये विटकरी, टोकाला काथ्या. हुपरीची माणसं यायला बारा दिवस उरले होते. ते बारा दिवस मी कसे काढले हे मला नीट सांगता येणार नाही. आक्का जवस उकळायची, जास्वंद वाटायची, नारळाचं दूध चोळून दोन दोन तास उन्हाकडे पाठ करून बसायची. आव्वा जमिनीवर पडलेले केस वेचून पदराच्या टोकाला बांधायची, टाकून द्यायचा तिला धीर होत नव्हता. आप्पा ओसरीवर येऊन काही विचारत नव्हते. आव्वानं शेवटी बाजारातून गंगावन मागवायचं म्हटलं, म्हणजे वेणीत घालायचा खोटा केसांचा झुबका. आक्कानं विचारलं, "कुणाचं केस असत्यात त्यात?" आव्वाला खोटं बोलता आलं नाही. "वनगाईच्या शेपटीचं, म्हणत्यात." आक्कानं मान हलवली. त्या रात्री ती जेवली नाही.

मी घाबरून पुढच्या रविवारी खरोखर मळ्यात गेलो. हिराकाकू मोटेपाशी होती. मला बघून म्हणाली, "चार ऐतवार कुठं मेलतास रं? पावण्यांनी वाट बघितली की तुझी."

मी म्हणालो, "परीक्षा होती, काकू."

"आनि आक्काच्या डोस्क्याचं काय?"

"दुसरीकडनं आणलं पाणी."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं." मी पाणी गाळलं, जिवाणी सोडली. त्या दिवशी तिनं हाक मारली नाही. ते गोडं पाणी मी घरी आणलं, आक्कानं त्यानं केस धुतले, आणि परातीत इतके केस आले की आव्वानं परात माझ्याकडून हिसकावून घेतली. जे आधीच मोडलं होतं ते गळून पडलं, एवढंच. पण आव्वाला वाटलं, आज हिराबाईचंच पाणी, आणि आजच एवढे गेले. डाळीचं तिला आठवलं. तिचा हिशेब पक्का झाला. पदराच्या टोकाचे केस तिनं रुमालात बांधले आणि मला म्हणाली, "चल मळ्यात. तू संगं पायजेस."

वाटेत दोन मैल होते. सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी चार वेळा "आव्वा" म्हणालो असेन. प्रत्येक वेळी ती "काय?" म्हणायची आणि मी म्हणायचो, "काय न्हाय."

हिराकाकू विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. आव्वानं रुमाल सोडून तिच्यासमोर धरला.

"हिराबाई, पाण्यात काय टाकलंस?"

"म्या? म्या काय टाकू, वैनी?"

"ह्ये बघ माझ्या पोरीचं केस. म्हयना झाला, तुझ्या पाण्यानं तुटाय लागल्यात."

"म्हयना?" हिराकाकूनं विचारलं. आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

मी विहिरीच्या दोरखंडाकडे बघत होतो. तो दोरखंड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, कुठं त्याचा पीळ सुटला होता तेही. तिनं तोंड उघडलं तर माझं सगळं बाहेर येणार होतं. बोलायला फटकळ बाई ती, कुणाची भीड ठेवणारी नव्हती. मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर, तिनं सांगून टाकावं असंही मला वाटत होतं.

ती म्हणाली, "उनाळा लागलाय, वैनी. झरा फिरला आसंल. माझ्या ध्यानात आलं न्हाय."

"ध्यानात आलं न्हाय?" आव्वाचा आवाज फुटला. "माझ्या लेकीचं लगीन हाय गं."

"चुकलं माझं," हिराकाकू म्हणाली.

आव्वा रडत मागं फिरली. मीही फिरलो. हिराकाकूकडे बघायचं मला धाडस झालं नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की हिराबाईची विहीर नासली, तिनं ते आपल्या तोंडानं कबूल केलं. त्या पाडव्याला पुरणासाठी मळ्यात कुणी कळशी घेऊन गेलं नाही. त्यानंतर कधीच नाही. बाजारात ती दिसली की आमच्या गल्लीतल्या बायका पिशवी सावरून पलीकडे जायच्या.

हुपरीची माणसं ठरल्या दिवशी आली. मुलाची आत्या आक्काशेजारी बसली आणि लाडानं म्हणाली, "पदर घे की गं जरा मागं." आक्कानं पदर पुरताच काढला आणि म्हणाली, "ताप आलता. पांढरं झालं. कलप लावला, त्योबी टिकला न्हाय." शिरा खाऊन ते गेले. आठ दिवसांनी निरोप आला. आक्कानं पैंजण स्वतः पायांतून काढले, चिंचेनं घासून लखलखीत केले, फडक्यात बांधले आणि आप्पांच्या हातात दिले. त्यानंतर आक्का घरात कुठं आहे हे बघितल्याशिवाय कळेनासं झालं.

तिनं लग्न केलं नाही. शिकली, गारगोटीला शाळेत लागली, केस बारीक कापून पांढरे ठेवले. मुलं तिला घाबरायची आणि तिच्यावर जीव टाकायची. मी तिच्याकडे जायचो. एकदा जेवताना ती म्हणाली, "हितलं पाणी चांगलं हाय बघ. डाळ कशी शिजलीया. हिराकाकूचं असंच हुतं, नासायच्या आदी." मी घास गिळला आणि भाताला वरण मागितलं. दोन वर्षांपूर्वी आक्का गेली. मी तिला सांगितलं नाही. आव्वाला नाही, आप्पांना नाही. मला भीती कशाची होती? सुरुवातीला आप्पांच्या माराची. मग कशाची, ते मला आजही सांगता येत नाही.

बाटलीच्या त्या दिवसानंतर मी ऋजुताला म्हणालो, मला स्कूटरवर एका ठिकाणी ने. दोन मैल आता पाच मिनिटांत सरतात, वाटेत सगळी घरं झाली आहेत. पण मळा आहे, विहीर आहे, तिला सिमेंटचा कठडा आहे. साठीची एक बाई वैरण तोडत होती. तिनं विळा खाली ठेवला आणि विचारलं, "कुठलं पावणं?"

हिराकाकूचा भुपाल मी आता इथं नव्हतो. मी पावणा होतो. मी म्हणालो, जरा पाणी काढू का. ती म्हणाली, काढा की. मी पोहऱ्यानं पाणी काढलं, रुमाल दुहेरी करून गाळलं, रुमाल उलटा करून धुतला, आणि पोहरा पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडला. उपडा करायचा दोर बांधायला पोहऱ्याला तळाशी कडं नव्हतं, तो उपडा होईना. मी दोर हलवून तो पाण्यातच कलता करायला लागलो. ऋजुतानं दोर धरला.

"ह्ये काय करताय?" बाईनं विचारलं. ती हिराकाकूची सून होती.

मी तिला सगळं सांगितलं. हापसा, रेडिओ, चार रविवार, दोरखंड, "चुकलं माझं". ऋजुता बाजूला उभी होती, तिनंही पहिल्यांदाच ऐकलं. सांगून झाल्यावर मी हात जोडले.

बाई म्हणाली, "आत्याबाई जाऊन धा-बारा वर्सं झाली. पाडवा आला की डाळ शिजवून बघायच्या आनि समद्यास्नी दावायच्या, बघा कशी शिजलीया. आम्हांस्नी वाटायचं, म्हातारीला याड लागलंय."

मी मान खाली घातली.

"आता मला सांगून काय उपेग?" तिनं विळा उचलला. "बोलणं तुमच्या गल्लीत झालं हुतं. तितं सांगा."

आमच्या गल्लीत त्या वेळची दोन-तीनच माणसं उरली आहेत. बाकीच्यांच्या मुलासुनांनी विहीर नासल्याची गोष्ट ऐकलेली आहे, खरी काय ती ऐकलेली नाही. त्या प्रत्येक घरात हे कागद मी माझ्या हातानं देणार आहे, म्हणून ते असं सरळ लिहिलं. आक्काचे केस माझ्यामुळे गेले. ते पाणी एसटी थांब्यासमोरच्या हापशाचं होतं, आणि ते मी आणलं होतं. हिराकाकूच्या विहिरीचं पाणी तेव्हा गोडं होतं. आजही गोडं आहे, मी पिऊन आलो.